अकरा महिन्यांची नोकरी धरू का?

आदरणीय ताई,

मी केज तालुक्यातली, वय २४. विद्यापीठातून एम.एस्सी. फिजिक्स केलं, ६६ टक्के पडले. सध्या अंबाजोगाईच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. पैसे कधी येतील ते सांगता येत नाही. नेट एकदा दिली, थोडक्यात हुकली. परवा मैत्रिणीनं दोन जाहिराती पाठवल्या. एक विद्यापीठाच्या विभागातली आहे. मेडिकल इमेजिंगच्या प्रोजेक्टवर असिस्टंट, मुदत अकरा महिने. दुसरी एका मेडिकल कॉलेजातली, क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर, मुदत एक वर्ष. दोन्हींत 'निव्वळ तात्पुरते पद' असं ठळक छापलंय. पुण्याची एक संस्था रोज फोन करते की आधी आमचा ९० हजारांचा क्लिनिकल रिसर्चचा कोर्स करा, नोकरीची हमी आमची. अण्णा म्हणतात, अकरा महिन्यांसाठी पोरगी शहरात ठेवायची का? त्यापेक्षा बी.एड. कर, शिक्षक भरतीत लागशील. सोयाबीनचे पैसे त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेत. ते कोर्सला द्यावेत की बी.एड.ला? नाव छापू नका.

*

पोरी, सोयाबीनच्या पैशाला सध्या हात लावू नकोस. बाकीचं सावकाश सांगते, पण ही गोष्ट आधी.

नोकरीची हमी देऊन आधी फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. क्लिनिकल रिसर्चमध्ये, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या चाचण्यांच्या कामात, शिरताना सगळीकडे जे प्रमाणपत्र विचारतात ते जीसीपीचं, म्हणजे 'गुड क्लिनिकल प्रॅक्टिस'चं. त्याचं प्रशिक्षण ऑनलाइन फुकट मिळतं. अमेरिकेतल्या 'नायडा' या सरकारी संस्थेचं आहे, एका-दोन दिवसांत घरी बसून होतं, प्रमाणपत्रही मिळतं. ९० हजार भरून मिळणाऱ्या कागदाला मुलाखतीत त्याहून फार जास्त वजन असतं असं मला दिसलेलं नाही. विद्यापीठातून रीतसर पदविका करणं वेगळं. पण रोज फोन करून 'आज शेवटची सीट' म्हणणाऱ्याला अण्णांच्या घामाचे पैसे द्यायचे नाहीत.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. जाहिरातीतला 'तात्पुरते' हा शब्द तू मुद्दाम लिहिलास. तो शब्द तुला आणि अण्णांना टोचतोय, आणि ते मला समजतं. आपल्याकडे नोकरी म्हणजे कायम, असंच डोक्यात बसलेलं असतं. पण विद्यापीठातलं संशोधन चालतं अनुदानावर. विज्ञान-तंत्रज्ञान विभाग (डीएसटी), जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी), वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर) अशा सरकारी संस्था तीन वर्षांसाठी एखाद्या प्राध्यापकाला पैसे देतात आणि त्या पैशातून माणसं नेमली जातात. प्रकल्प संपला की पद संपतं. अकरा महिने हा आकडाही तसाच, नेमणूक तेवढ्याची करायची आणि काम बरं असलं की पुढे वाढवायची. म्हणजे त्या शब्दावरून नोकरी चांगली की वाईट ते कळत नाही. तुझी तासिका तत्त्वाची नोकरी तरी कुठं कायम आहे? फरक एवढाच की तिथं दहा वर्षं काढलीस तरी तू पहिल्या वर्षी जे शिकवत होतीस तेच शिकवत राहशील. तात्पुरत्या पदाला घाबरू नकोस. जिथं हाताला नवीन काही लागत नाही अशा पदाला घाब­र.

या मापानं मी दोन्ही जाहिराती बघितल्या तर तुझ्यासाठी इमेजिंगची आधी. कारण सरळ आहे, ते तुझंच शास्त्र आहे.

दवाखान्यात एमआरआयचं मशीन बघितलं की लोकांना वाटतं हे डॉक्टरांचं जग. पण तू एम.एस्सी.ला एनएमआर शिकलीस ना? हायड्रोजनचं केंद्रक चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की ते ठरावीक वारंवारतेनं फिरतं, एका टेस्लाला ४२.५८ मेगाहर्ट्झ. तेच ते. १.५ टेस्लाच्या मशीनमध्ये माणूस आडवा झोपतो आणि त्याच्या अंगातल्या पाण्यातले प्रोटॉन ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास बोलायला लागतात. परीक्षेत लिहून आलेलं ते गणित तिथं कुणाच्या तरी मेंदूतली गाठ दाखवतं. एमआरआयसाठी २००३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल लॉटरबर आणि मॅन्सफिल्ड यांना मिळालं. त्यातले लॉटरबर रसायनशास्त्रज्ञ, मॅन्सफिल्ड भौतिकशास्त्रज्ञ. सीटी स्कॅनचं १९७९ चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफिल्ड यांना मिळालं. कॉरमॅक भौतिकशास्त्रज्ञ, हाउन्सफिल्ड इंजिनिअर. चौघांत एकही डॉक्टर नाही. 'फिजिक्सवाल्याचं दवाखान्यात काय काम' असं गावात कुणी म्हणालं तर हे सांग.

आणि काम कसं असतं तेही ऐक. सीटीच्या खोलीत सकाळी पहिला रुग्ण येण्याआधी टेबलावर एक गोल डबा ठेवतात. त्याला फँटम म्हणतात, आत पाणी असतं. त्याचा स्कॅन काढायचा आणि पडद्यावर मधोमध एक वर्तुळ आखून आतला आकडा वाचायचा. पाण्याचा आकडा शून्य यायला हवा, हवेचा उणे १०००. ही मोजपट्टी हाउन्सफिल्डच्याच नावाची. पाणी शून्यापासून लांब सरकलेलं दिसलं तर मशीनमध्ये काहीतरी बिघडलंय, आणि त्या दिवशी निघालेल्या प्रत्येक फोटोवर शंका घ्यावी लागेल. एवढीशी गोष्ट, पण ती रोज करणारा माणूस लागतो आणि आकडा सरकला तर 'थांबा' म्हणण्याची हिंमत असलेला लागतो. प्रोजेक्टवर तू कदाचित संगणकावरच जास्त बसशील. डायकॉम, म्हणजे स्कॅन साठवलेल्या, फाइली उघडायच्या, त्यातला गोंगाट, म्हणजे नको असलेले ठिपके, कमी करायचा, गाठीची कड आखायची. त्यासाठी पायथॉन ही संगणकाची भाषा येत नसेल तर आजपासून शिकायला घे. इमेज-जे आणि थ्रीडी स्लायसर ही दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. सरावाला खऱ्या रुग्णांच्या, नाव-गाव काढून टाकलेल्या प्रतिमा 'कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह'वर खुल्या मिळतात. मुलाखतीला जाताना त्यातल्या एखाद्या स्कॅनवर केलेलं काम लॅपटॉपवर घेऊन जा, लॅपटॉप नसला तर कागदावर छापून ने. दहा जणींत तू एकटीच असं काही घेऊन आलेली असशील.

आता तू न विचारलेली एक गोष्ट, आणि माझ्या मते या पत्राच्या उत्तरात हीच सगळ्यात मोठी आहे. मेडिकल फिजिसिस्ट नावाची कायमची नोकरी असते. कॅन्सरला रेडिएशन देणारं कुठलंही केंद्र मेडिकल फिजिसिस्टशिवाय चालवता येत नाही, अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा तसा नियमच आहे. रुग्णाला डॉक्टर जेवढा डोस लिहून देतात, तेवढाच आणि तिथंच पडतोय ना, हे मोजून देणारा हा माणूस. त्यासाठी एम.एस्सी. फिजिक्सनंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदव्युत्तर पदविका आणि एक वर्षाची इंटर्नशिप लागते. ही पदविका मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र चालवतं, डिप-आर-पी म्हणतात तिला. प्रवेश परीक्षेतून होतो. टक्केवारीची आणि वयाची अट असते, आणि वयाची अट कडक आहे. तू २४ ची आहेस, म्हणून यंदाच ती जाहिरात शोधून वाच, पुढच्या वर्षावर टाकू नकोस. दुसऱ्या विद्यापीठांतही मेडिकल फिजिक्सचे अभ्यासक्रम आहेत. त्यांत पाऊल टाकण्याआधी एईआरबीची मान्यता आहे का ते एईआरबीच्याच वेबसाइटवर तपासायचं, कॉलेजच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवायचा नाही.

संभाजीनगरला घाटीशी, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजाशी, जोडलेली राज्य कर्करोग संस्था उभी आहे. बीड, जालना, परभणीचे रुग्ण रेडिएशनसाठी तिथं येऊन महिना-महिना राहतात. जेवणाचे डबे घेऊन पायऱ्यांवर बसलेले नातेवाईक तू कधी बघितले असशील तर मी काय म्हणतेय ते कळेल. त्या मशीनमागे आपल्या भागातली, त्यांची बोली कळणारी एखादी पोरगी असावी असं मला मनापासून वाटतं.

मग कोऑर्डिनेटरची जाहिरात टाकूनच द्यायची का? पहिल्यांदा पात्रता वाच. पुष्कळ ठिकाणी फार्मसी, नर्सिंग, लाइफ सायन्स किंवा बीएएमएस मागतात. 'विज्ञान पदवीधर' एवढंच लिहिलं असेल तर अर्ज जरूर कर. हे काम हलकं समजू नकोस.

आपल्या भागाला हे काम नवीन नाही. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर एक मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे ५२ गट पाडले, ३० ते ५९ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका त्यात होत्या. बार्शीचं कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था यांनी मिळून तो केला. २००९ मध्ये निष्कर्ष जगभर छापून आला की एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केली तरी पुढे वाढलेले कॅन्सर आणि त्यातून होणारे मृत्यू बरेच कमी होतात. गरीब देशांत तपासणी कशी करावी याचा विचार करताना आजही या अभ्यासाकडे बघितलं जातं. आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी दिलेलं ते ज्ञान आहे. ज्या गटाला नेहमीच्याच सोयींवर ठेवलं, त्या बायकांना तपासणी का नाही दिली, असा नैतिक प्रश्नही नंतर विचारला गेला, आणि तो विचारायलाच हवा होता. अभ्यास आणि त्यावरचा प्रश्न, दोन्ही वाचून मुलाखतीला जा.

कोऑर्डिनेटरचं काम म्हणजे निम्मं कागदांचं आणि निम्मं माणसांचं. कागदाचा पहिला नियम असा की नोंद चुकली तर व्हाइटनर लावायचा नाही, खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर नोंद, आपली सही, तारीख. कारण पाच वर्षांनी कुणी तपासायला आलं तर त्याला चूकही दिसली पाहिजे आणि ती कुणी, कधी सुधारली तेही.

माणसांचं काम याहून अवघड. गेवराईहून आलेल्या एखाद्या म्हातारीला संमतीपत्र समजावून सांगायचं असतं. ते मराठीत असतं, पण कसलं मराठी! 'यादृच्छिक पद्धतीने गटनिवड' असं त्यात लिहिलेलं असतं. म्हातारी मान डोलावते आणि अंगठा द्यायला हात पुढे करते. तिथं थांबायचं. 'आज्जी, दोन औषधं आहेत, कुठलं तुम्हाला मिळंल ते चिठ्ठी टाकल्यावाणी ठरणार, डॉक्टरच्या मर्जीवर न्हाई. आन् नको वाटलं तर कवाबी सोडता येतं, तरीबी इथलं उपचार बंद व्हनार न्हाईत.' असं सांगून तिनं तिच्या शब्दांत परत सांगितलं तर ती संमती. लिहिता-वाचता न येणाऱ्यासाठी अंगठ्याच्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर असावा लागतो, त्याची सही लागते. हे २०१९ च्या औषध चाचणी नियमांतही आहे. पण नियम पाळूनही म्हातारी न कळता घरी जाऊ शकते. ती तशी जाऊ नये हे तुझ्यासारखीला जमेल.

अजून एक. शहरातले संशोधक सहा महिन्यांचा पाठपुरावा आखतात, पहिली भेट भाद्रपदात घेतात आणि दिवाळीनंतर निम्मे लोक येतच नाहीत म्हणून हैराण होतात. तू केजची आहेस. दसरा झाला की टोळ्या ऊसतोडीला कारखान्यांवर निघतात आणि उन्हाळ्यापर्यंत परत येत नाहीत, हे तुला कुणी सांगावं लागत नाही. मुकादमाचा नंबर घेऊन ठेवायचा, रुग्ण कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे ते विचारायचं, जमलं तर तिथल्या दवाखान्यात भेट लावायची, एवढं सुचणारी कोऑर्डिनेटर पुण्या-मुंबईत शोधून सापडत नाही. मुलाखतीत हे जरूर बोल. कमीपणा वाटून गाव लपवू नकोस.

कुठल्या दवाखान्यात कसल्या चाचण्या चालू आहेत ते बघायला सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, २००७ पासूनची, सगळ्यांना खुली. जून २००९ पासून चाचणी सुरू करण्याआधी तिथं नोंद करणं सक्तीचं आहे. त्यात संभाजीनगर, नांदेड, लातूर अशी शहरं घालून शोध. कोणते डॉक्टर प्रमुख आहेत ते नावानिशी दिसतं. जिथं चाचणी आहे तिथं माणूस लागतोच, जाहिरात निघो न निघो. अर्ज घेऊन थेट जाता येतं.

बीड जिल्ह्यातली आहेस म्हणून एक इशारा देते. इमेजिंगच्या नावाखाली कुणी सोनोग्राफीचं मशीन नोंदणी नसलेल्या जागी हाताळायला सांगितलं, किंवा गरोदर बाईचा एफ फॉर्म न भरता 'अभ्यासासाठी' स्कॅन करू म्हणालं, तर त्या क्षणी बाहेर पड. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा शिकाऊ माणसालाही सोडत नाही, आणि आपल्या जिल्ह्यानं त्या मशीनपायी किती पोरी गमावल्या ते तुला माहीत आहे.

आता माझ्या अंगावर आलेलं सांगते. तुझ्याच वयाची असताना मी एका संस्थेत प्रकल्पावर लागले. नेमणूकपत्र तोंडी, 'उद्यापासून या' एवढंच. पाच महिने पगार नाही. दर महिन्याला 'अनुदानाचा हप्ता आला नाही' हे उत्तर. खोलीभाडं मी आईच्या पाटल्या गहाण ठेवून दिलं. सातव्या महिन्यात सोडलं तर अनुभवाचा दाखला मिळेना, कारण कागदावर मी तिथं नव्हतेच. त्या सात महिन्यांत मी काम उत्तम शिकले, पण पुढच्या मुलाखतीत ते सिद्ध करता आलं नाही. आजही कुणी पोरगी 'प्रोजेक्टवर लागले' म्हणाली की मी आधी विचारते, ऑर्डर हातात आली का?

म्हणून निवड झाली तर रुजू होण्याआधी गाईडना शांतपणे विचार. प्रकल्प कुणाच्या पैशाचा आहे, मंजुरी कोणत्या तारखेपर्यंत आहे, या वर्षाचा हप्ता विद्यापीठाच्या खात्यात आला का. अकरा महिन्यांची जाहिरात आणि प्रकल्पाची मुदत संपायला चारच महिने उरलेत, असंही होतं. काम करता करता पीएच.डी.ची नोंदणी करता येईल का, हे विचार. शोधनिबंध निघाला आणि त्यात तुझं काम असलं तर तुझं नाव असेल का, हेही विचार. आपल्या पोरींना हा प्रश्न विचारायची लाज वाटते, पोरांना वाटत नाही. चांगला गाईड या प्रश्नांनी रागावत नाही. रागावला तर तेही एक उत्तरच समज.

नेट सोडू नकोस. फिजिक्सची सीएसआयआर नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७ हजार आणि घरभाडं वेगळं, दोन वर्षांनी ४२ हजार. जेआरएफ थोडक्यात हुकली तरी २०२४ पासून त्याच परीक्षेच्या गुणांवर फक्त पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. पीएच.डी.ला लागलीस की सारथी, बार्टी, महाज्योती यांपैकी तुझ्या प्रवर्गाची शिष्यवृत्ती बघ. प्रोजेक्टवर असताना सकाळचे दोन तास अभ्यासाला ठेवता येतात, तासिकांची धावपळ करताना ते जमत नाही हे तुला आता कळलंच असेल.

राहिले अण्णा. त्यांचं चुकत नाही. बी.एड. केलेली पोरं पवित्र पोर्टलकडे डोळे लावून वर्षानुवर्षं बसलेली मी बघते, म्हणून तो रस्ता मी आधी सांगणार नाही. पण तो बंदही होत नाही, दोन वर्षांनीही बी.एड. करता येईल. डिप-आर-पीचं वय मात्र निघून जातं. अण्णांना हे असंच सांग, वय आणि वर्षं बोटांवर मोजून. पेरणीची वेळ चुकली तर काय होतं ते त्यांना कुणी शिकवायला नको.

सोयाबीनच्या पैशातले शहरातल्या खोलीचे तीन महिन्यांचे भाडे तेवढे वेगळे काढ, पहिला पगार उशिरा आला तर अडायला नको. उरलेले तसेच राहू देत, डिप-आर-पीला लागलीस तर मुंबईत कामाला येतील.

मुलाखत बहुतेक सकाळी दहा-साडेदहाला असेल. मूळ कागदपत्रं, झेरॉक्सचे दोन संच आणि त्या स्कॅनची छापील पानं घे. अण्णांना बरोबर ने. ते बाहेर बाकावर बसतील, हरकत नाही. तुझं झालं की गाईडना विचार, वडिलांना प्रयोगशाळा दाखवू का. बहुतेक जण हो म्हणतात. अण्णांना संगणकासमोर उभं कर आणि पडद्यावरचा एखादा स्कॅन दाखवून सांग, हे हाड, हे पाणी, ही हवा, आणि हे मला मोजता येतं.